शेजारच्या आजींचं घर, फुकट इन्सुलेशन आणि आईच्या नावावरचा कागद

फिलीकर (धागाकर्ती)

मंडळी, पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.

आमचं घर फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात. इथे गल्ल्याच्या गल्ल्या रो-हाउसच्या आहेत. एकाला एक चिकटलेली दुमजली विटांची घरं, दोन घरांत मिळून एक भिंत, पुढे चार पायऱ्या आणि ओटा. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेली. चाळीत वाढलेल्या माणसाला लगेच आपलीशी वाटतात, शेजारी शिंकला तरी कळतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. वय चौऱ्याहत्तर, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त, एकट्याच राहतात. घर त्यांच्या आईने घेतलेलं. तर आजी स्वयंपाकघरात कोट घालून बसलेल्या आणि गॅसच्या ओव्हनचं दार सताड उघडं, ओव्हन चालू. मला वाटलं काहीतरी भाजायला ठेवलंय. कसलं काय, त्या ऊब घेत होत्या. बाकी घराचा थर्मोस्टॅट ५८ वर (फॅरेनहाइट, म्हणजे आपले साधारण १४ अंश). त्याच्या वर नेला की बिल परवडत नाही म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं तर नवरा आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेऊन त्यांच्याकडे पळाला. (बंद घरात असा ओव्हन जाळत बसणं म्हणजे पेटती शेगडी खोलीत घेऊन झोपण्यासारखंच.)

मग शोधाशोध केली. अमेरिकेत 'वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम' नावाची जुनी योजना आहे. १९७३च्या तेलटंचाईने हात पोळल्यावर १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने जो कायदा झाला, त्यातली. केंद्राचं ऊर्जा खातं राज्यांना पैसे देतं, राज्यं गावोगावच्या सामाजिक संस्थांना देतात, आणि त्या संस्थांची माणसं घरी येऊन फटी बुजवतात, छपराखाली इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर) भरतात, फर्नेस (घर तापवायची भट्टी) दुरुस्त करतात. राहणाऱ्याला खर्च शून्य. आजवर सत्तर लाखांहून जास्त घरं झाली आहेत. अट उत्पन्नाची, दारिद्र्यरेषेच्या दुप्पट. २०२५च्या आकड्यांनी एकट्या माणसाला वर्षाला ३१,३०० डॉलर. आजींचं पेन्शन त्याच्या बरंच खाली. मला वाटलं, झालं काम.

अर्ज भरला. तपासनीस आला, अख्खा दिवस घर पाहिलं आणि जाताना लिहून गेला: काम तूर्त पुढे ढकलले. कारणं दोन. मागच्या खोलीवरचं छप्पर गळतंय. आणि वरच्या मजल्याच्या छतात जुनं वायरिंग अजून चालू आहे, चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेल्या सुट्या तारा, ज्याला इथे 'नॉब अँड ट्यूब' म्हणतात. गळक्या छपराखाली इन्सुलेशन भरलं तर भिजून लगदा, आणि त्या तारांभोवती भरलं तर तारा तापून आगीची भीती. दोन्ही मुद्दे बरोबरच. पण मग छप्पर आणि वायरिंग कोण करून देणार? त्याला वेगळी योजना. तिथे गेलो तर पहिलाच प्रश्न: घर कोणाच्या नावावर आहे?

घर आजींच्या आईच्या नावावर. आई २००३ मध्ये गेल्या.

यातून कोणी गेलंय का? इथलाच अनुभव हवा असं नाही, कुठल्याही गावचा चालेल.

चहा_कमी_साखर

ओव्हनचं वाचून पोटात गोळा आला. एक अडाणी प्रश्न विचारते. घराला फटी कुठे आहेत हे तपासनीसाला कळतं कसं? इतक्या जुन्या घरात सगळीकडेच असतील की.

फिलीकर

अडाणी कसला, मलाही तोच पडला होता, म्हणून मी दिवसभर त्याच्या मागे मागे हिंडले.

पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्यात मोठा पंखा. खिडक्या सगळ्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर फेकत राहतो, आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक पडेपर्यंत. मग बाहेरची हवा वाट मिळेल तिथून आत घुसते. तपासनीस हातात धुराची कांडी घेऊन फिरतो. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला तर तिथे भोक.

मला खात्री होती खिडक्या दोषी. खिडक्यांपाशी धूर नुसता थरथरला. माळ्यावर जायच्या झडपेखाली धरला तर पार खाली दबला, जणू वरून कोणी फुंकर मारतंय. तळघरात लाकडी तुळया विटांच्या भिंतीत शिरतात तिथे कांडीची गरजच नव्हती, नुसता हात धरला तरी गार वारा. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे मूठ जाईल एवढं भोक. आजी म्हणाल्या, "ते उंदरांचं दार. मी बोळा कोंबते, ते काढतात."

पंख्याच्या मीटरवर आकडा आला ४,१००. म्हणजे त्या दाबाला मिनिटाला ४,१०० घनफूट हवा आत येते.

मिनेसोटा_उणे_वीस

धागा माझ्याच पोटापाण्याचा निघाला. मिनेसोटात नऊ वर्षं हेच काम करतोय, लाल पडदा गाडीतच असतो.

खिडक्यांबद्दल अगदी बरोबर पाहिलंत. पहिल्या भेटीत प्रत्येक जण खिडक्या मागतो, कारण खिडकीशी बसलं की गार लागतं आणि नवी खिडकी पाहुण्यांना दिसते. पण हिवाळ्यात घर म्हणजे धुराडं असतं. ऊन हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते आणि तेवढीच गार हवा तळघरातून ओढली जाते. म्हणून आधी वरचं टोक बंद करायचं, मग खालचं. खिडक्या सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा नाहीच. त्यांचा खर्च वीजगॅसच्या बचतीतून कधी वसूल होत नाही. हे पटवण्यात माझा निम्मा जन्म गेला.

इन्सुलेशन म्हणजे काय भरतो तेही सांगतो, नाव मोठं असलं तरी वस्तू साधी आहे. सेल्युलोज. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, त्याला बोरेटचं क्षार चोळलेलं, म्हणजे पटकन पेटत नाही आणि किडे लागत नाहीत. गाडीतल्या यंत्रात गठ्ठे टाकायचे आणि लांब पाइपने माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत फुंकायचे. संध्याकाळी घरी गेलं की कानातून पेपर निघतो.

आता तुमचं दुखणं. आम्ही याला 'डिफरल' म्हणतो आणि या धंद्यातली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे. फटी बुजवायला पैसे आहेत, पण फटी बुजवण्याआधी घर बुजवण्याच्या लायकीचं करायला नाहीत. गळकं छप्पर, जुनी वायर, बुरशी, तळघरात पाणी, ॲस्बेस्टॉस, यातलं काहीही निघालं की फाइल बंद. म्हणजे ज्या घराला सगळ्यात जास्त गरज तेच यादीतून पहिलं गळतं. २०२२ पासून इथल्या संसदेने (काँग्रेसने) या पूर्वतयारीसाठी वेगळा निधी सुरू केला, पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलर. पन्नास राज्यांत वाटून बघा म्हणजे कळेल.

आणि पैसा येतो तोही पुरासारखा. २००९ च्या मंदीत एकदम पाच अब्ज डॉलर, २०२१ च्या कायद्यात साडेतीन अब्ज. पूर आला की माणसं शिकवायची, ओसरला की घरी पाठवायची. पुन्हा पूर आला की ती माणसं दुसऱ्या धंद्यात गेलेली असतात.

थेट_मुद्दा

कोणाच्या भावना दुखावायच्या नाहीत, पण कोणीतरी विचारायला हवं. दुसऱ्याच्या मालकीच्या घरावर करदात्याने का खर्च करायचा? आणि खर्च केला तर वसूल तरी होतो का? मिशिगनमध्ये याच योजनेवर फाउली, ग्रीनस्टोन आणि वोल्फ्रम या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून जास्त कुटुंबं घेतली होती. निष्कर्ष: घरावर झालेला खर्च हा ऊर्जेच्या बचतीच्या साधारण दुप्पट. इंजिनिअरांनी कागदावर मांडलेली बचत प्रत्यक्षात तेवढी आलीच नाही.

सरळ बिलाचे पैसे हातात द्या ना. कमी खटपट.

मिनेसोटा_उणे_वीस

अभ्यास खरा आहे, आमच्या ऑफिसात त्यावरून बरीच भांडणं झाली आहेत. कागदावरची बचत फुगवलेली असते हे मलाही मान्य. पण त्या हिशोबात ओव्हन येत नाही. आजींसारखी माणसं आधीच १४ अंशांत कुडकुडत असतात. घर घट्ट झालं की त्या १८ वर ठेवणार, बिल फारसं उतरणार नाही, आणि आपण म्हणणार 'बचत झाली नाही'. ऊर्जा खात्याच्या ओक रिज प्रयोगशाळेने याच योजनेचं मूल्यमापन केलं त्यात दमा, थंडीचे आजार, दवाखान्याच्या फेऱ्या हेही मोजलं, आणि तिथे चित्र वेगळं दिसतं.

बिल भरायला पैसे देणारी योजनाही आहेच, 'लिहीप', १९८१ पासून. दर हिवाळ्यात भोकं तशीच आणि दर हिवाळ्यात नवे पैसे.

पण त्याच अभ्यासात दुसरा एक निष्कर्ष होता, तो कोणी सांगत नाही आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी निवडक कुटुंबांच्या दारात माणसं पाठवली, हजारो फोन केले, अर्ज भरायला मदत केली. सगळं फुकट मिळणार होतं. तरी काम करून घेणारे सहा टक्क्यांहून कमी. ज्यांच्या मागे लागले नव्हते त्यांच्यात एक टक्काही नाही. फुकट देणं सोपं आहे हो, घेणाऱ्यापर्यंत पोचवणं कठीण.

चहा_कमी_साखर

फुकट मिळत असून सहा टक्के?? का पण?

मिनेसोटा_उणे_वीस

कागद. आणि अविश्वास. दारावर येऊन "तुमचं घर फुकट दुरुस्त करतो" म्हणणारा माणूस गरिबाने आयुष्यात दहा वेळा पाहिलेला असतो, आणि दहाही वेळा तो चोर असतो.

अकोल्याचा_उन्हाळा

ताई, तुमच्या तिकडं माणूस थंडीनं गारठते, आमच्या इकडं टिनाखाली शिजते. बाकी गोष्ट एकच हाय.

आमचं घर टिनाचं, वडिलांनी बांधलेलं. मे महिन्यात दुपारी टिनाला हात लावला तर फोड येते. रात्री दोन वाजेपर्यंत वरून भट्टी चालूच, कूलर नुसतीच दमट हवा फेकते. मागच्या वर्षी गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं का सगळ्यांच्या टिनाला पांढरा रंग मारू. बाजारातला छपराचा पांढरा पेंट महाग पडे म्हणून चुना भिजवला, त्यात फेविकॉल आन् मीठ टाकलं, दोन हात मारले. माझ्या साध्या थर्मामीटरवर दुपारी आतमधी तीन-चार डिग्रीचा फरक दिसला. पंख्याखाली बसता येते आता.

पण खरं सांगतो, पहिल्या जोरदार पावसात अर्धा चुना वाहून गेला. दरसाल मारा लागते. आन् टिनाच्या स्क्रूच्या भोकातून पाणी येते ते येतेच, पांढरा असो का काळा. तुमच्या तपासनीसानं म्हटलं तेच. आधी गळतं बंद करा, मंग बाकीचं.

फिलीकर

अहो, गंमत म्हणजे हे इथेही झालंय! आमची रो-हाउसची छपरं सपाट आणि डांबराची, काळीकुट्ट. उन्हाळ्यात वरचा मजला तुमच्या टिनासारखाच. १९९३ च्या जुलैत या शहरात उष्म्याने ११८ माणसं गेली. बरीचशी म्हातारी आणि एकटी. त्यानंतर १९९५ मध्ये शहराने उष्म्याचा इशारा द्यायची यंत्रणा उभी केली. मग छपरं पांढरी करायचं खूळ आलं. २०१० मध्ये तर 'सगळ्यात थंड गल्ली' अशी स्पर्धा लावली होती, गल्लीतल्या लोकांनी मिळून अर्ज करायचा आणि जिंकलेल्या गल्लीची सगळी छपरं पांढरी करून द्यायची. एकट्याने अर्ज करायचाच नाही, ही कल्पना मला फार आवडली. वर मिनेसोटाभाऊ म्हणतात त्या अविश्वासावर यासारखं औषध नाही. शेजारणीच्या छपरावर झालेलं दिसलं की दार उघडतं.

अकोल्याचा_उन्हाळा

अहमदाबादेत बी तसंच झालं ना. २०१० च्या मेमधी पारा ४६.८ वर गेला होता, नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली. तवा कुठं २०१३ मधी उष्णतेचा आराखडा आला. तिथं महिला हाउसिंग ट्रस्ट नावाची संस्था हाय, 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेची. ते वस्तीतल्याच बायांना शिकवते. वीजबिल कसं वाचाचं, घरात वीज कुठं वाया जाते हे कसं पाहाचं. साहेब लोकांनी येऊन सांगितलं तर आमची आई दारच उघडणार नाही, पण शेजारच्या काकू आल्या तर चहा ठेवते.

माणसं मेल्याबिगर कोणाच्या डोक्यात उजेड पडत नाही, तिकडं बी आन् इकडं बी.

लेस्टरवाली

इंग्लंडमधून थोडं थंड पाणी ओतते, माफ करा.

इथे वीजगॅस कंपन्यांनाच कायद्याने बांधलं की गरीब घरांत इन्सुलेशन करून द्या. २०१३ मध्ये 'इको' नावाने सुरू झालं. पैसा कंपनीचा, काम ठेकेदाराच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराचं. माझ्या ओळखीच्या एका पंजाबी काकूंच्या घराला बाहेरून जाड फोमचे बोर्ड ठोकून वर प्लास्टर केलं, सहा दिवसांत आटपून माणसं गायब. दोन हिवाळ्यांत बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी. पागोळीचं पाणी बोर्डाच्या मागे उतरत होतं, कारण छपराची कड लांबवायला हवी होती ती कोणी लांबवली नाही. ज्यांनी काम केलं त्यांचा फोन बंद.

त्या एकट्या नाहीत. प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास जवळपास चारशे घरांचं असंच झालं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात इथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल आला. अलीकडच्या योजनांमध्ये भिंतींना बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे दोष. पुन्हा वाचा, अठ्ठ्याण्णव.

तेव्हा आजींचं काम पुढे ढकललं म्हणून तुम्हाला राग आलाय, तो समजते मी. पण गळकं छप्पर बघून थांबणारा तपासनीस मिळाला हे नशीब समजा. इथे थांबलंच नाही कोणी.

माळवद

लेस्टरताईंचं वाचून राहवलं नाही. जुन्या भिंतीला श्वास घ्यायचा असतो, हे आमच्या सोलापूर-धाराशिवकडच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा.

आमचं गावातलं घर माळवदाचं. दीड-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर चिल्लारीच्या फांद्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर ४३ असताना आत दुपारी घोंगडी घेऊन झोपत होतो, अतिशयोक्ती नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी पांढरी टाकायची, गवत उपटायचं, तुडवून बसवायचं. ती माणसं मिळेनाशी झाली. मग आमच्या चुलत्यांनी 'पक्कं' करायचं म्हणून भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. तीन वर्षांत भिंत फुगली, ओल वर चढली, गिलाव्याचे पोपडे. मातीच्या भिंतीतली ओल पूर्वी वाऱ्यावर सुकायची, आता सिमेंटच्या आत कोंडली.

शेवटी तिघा भावांतल्या दोघांनी माळवद पाडून स्लॅब टाकला. आता मेमध्ये तेही गच्चीवर झोपतात. ज्या घराला काहीच करायची गरज नव्हती, फक्त दरसाल पाटीभर माती हवी होती, त्याला नवं करायला सरकार पैसे देतं. जुनं राखायला देत नाही. हे माझं जुनं रडगाणं आहे, थांबतो.

आता फिलीकर ताई, तुमच्या मूळ प्रश्नावर. आईच्या नावावरचं घर! अहो, आमच्याकडे निम्मं गाव असं आहे. नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीला) अजून आजोबांचं नाव, ते जाऊन चाळीस वर्षं झाली. घरकुलाचं नाव निघालं की मग पळापळ: वारस नोंद करा, पुण्याच्या बहिणीची सही आणा, तिचा नवरा म्हणतो आधी हिस्सा ठरवा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्तापत्रकं देतायत, पण ड्रोनला भावाभावांतलं भांडण वरून दिसत नाही. तुमच्याकडे काय पद्धत?

फिलीकर

ड्रोनवर खूप हसले, आणि मग लक्षात आलं की आजींचीही अगदी हीच गोष्ट आहे.

इथे याला 'टँगल्ड टायटल' म्हणतात, गुंतलेली मालकी. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मोजलं तर एकट्या फिलाडेल्फियात अशी दहा हजारांहून जास्त घरं निघाली, आणि ती बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांत. कारण साधं. आई गेली, मुलगी त्याच घरात राहत होती, राहत राहिली. घराचा कर भरतेय, पायऱ्या झाडतेय. वारसाचं प्रकरण कोर्टात न्यायला वकील लागतो, आणि कोणी तिला सांगितलंही नाही की न्यायला हवं. वीस वर्षं काही बिघडत नाही. बिघडतं ते छप्पर गळल्यावर.

आजींच्या आईने मृत्युपत्र केलेलं नाही. हिस्से तीन: आजी, साउथ कॅरोलायनातला भाऊ, आणि वारलेल्या दुसऱ्या भावाची दोन मुलं. त्या दोघांतला एक कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. वर राज्याचा वारसा कर. आईकडून मुलांना साडेचार टक्के, आणि इतक्या वर्षांचं व्याज. घराची किंमत आई गेल्या त्या दिवशीची धरतात, एवढंच बरं.

मदत आहे. गरिबांसाठी फुकट वकिली करणाऱ्या संस्था आहेत, आणि नोंदणीच्या खर्चासाठी शहरात चक्क 'टँगल्ड टायटल फंड' नावाचा निधी आहे. पण बघा ना, घरात ऊब यावी म्हणून निघालो आणि पोचलो कुठे, तर हरवलेल्या पुतण्याच्या शोधात.

थेट_मुद्दा

पुतण्या सापडला का? (मी अजून माझ्या मतावर आहे, पण वाचतोय.)

कौलारू

सावंतवाडीहून. आमच्याकडे प्रश्न थंडीचा नाही, उन्हाचाही नाही, माकडांचा आहे. मंगळुरी कौलं कितीही छान, खाली हवा खेळते, पण माकडांची टोळी एकदा नाचून गेली की पन्नास कौलं फुटली. शेवटी लोक वर पत्रा घालतात आणि मग मेमध्ये बोंबलतात. माकडांसाठी पण काहीतरी योजना काढा रे.

विषयाला धरून एकच: पेन्सिल्वेनियात २०२२ मध्ये छप्पर-वायरिंग सकट पूर्ण घर दुरुस्तीचा कायदा झाला होता ना? मेहुणा पिट्सबर्गला आहे, त्याने सांगितलं होतं.

फिलीकर

हो, 'होल-होम रिपेअर्स'. आमच्याच शहरातले राज्य सिनेटर निखिल सावल यांनी आणलेला. साडेबारा कोटी डॉलर, एका घराला ५०,००० पर्यंत. कल्पना अगदी हीच की आधी घर उभं करा, मग उबदार करा, आणि एकाच अर्जात करा. अर्जांचा ढीग पैशाच्या आधी वाढला, हे सांगायला नकोच. आम्ही यादीत आहोत.

माकडांचं मिनेसोटाभाऊ बघतील.

फिलीकर

धागा वर काढतेय. तेरा महिने झाले. काही जणांनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं म्हणून लिहिते.

पुतण्या सापडला. ओहायोत ट्रक चालवतो. त्याला वाटलं होतं आत्या घर विकून पैसे घेणार, म्हणून तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. चौथ्या वेळी आजींनी वकिलाला बाजूला सारून स्वतः फोन केला, अर्धा तास त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी दोन मिनिटं सहीचं बोलल्या. सही आली. ऑगस्टमध्ये घर आजींच्या नावावर झालं. तो कागद त्यांनी फ्रेम करून लावलाय, येशूच्या फोटोशेजारी.

छप्पर सप्टेंबरात, वर पांढरा थर (अकोलेकर, तुमची आठवण काढली). वायरिंग फक्त वरच्या मजल्याचं बदलून मिळालं, खालच्याला पैसे पुरले नाहीत. पण खाली ज्या भिंतींत जुन्या तारा आहेत तिथे इन्सुलेशन भरायचंच नव्हतं, त्यामुळे अडलं नाही. डिसेंबरात माणसं आली, दोन दिवस. माळ्यावर सेल्युलोज, झडपेला झाकण आणि रबराची पट्टी, तळघरातल्या तुळयांच्या खोबणीत फोम. उंदरांच्या दारात लोखंडी जाळी आणि सिमेंट. खिडक्यांना हातही लावला नाही, आजी जरा नाराज आहेत.

पंखा पुन्हा लावला. ४,१०० चे २,६५० झाले.

थर्मोस्टॅट आता ६६ वर असतो. गॅसचं बिल गेल्या वर्षीपेक्षा थोडंसंच कमी. थेट_मुद्दा, हे खास तुमच्यासाठी लिहितेय. ओव्हनचं दार बंद आहे. त्यात परवा खरंच रताळ्याची पाई (इथला गोड पदार्थ) भाजली होती, मला अर्धी दिली.

एकच प्रश्न राहिला. घर घट्ट केल्यामुळे बाथरूममध्ये कायम चालणारा छोटा पंखा बसवून दिलाय, हवा खेळती राहायला. आजी तो बंद करून टाकतात, म्हणतात एवढी ऊब विकत घेतली ती बाहेर कशाला फेकू. काय करू?

थेट_मुद्दा

मान्य नाही, पण रताळ्याच्या पाईची पाककृती टाका.

मिनेसोटा_उणे_वीस

२,६५० झकास. पंखा सगळेच बंद करतात, माझी आई पण करते. बंद ठेवू देऊ नका, ओल साठेल आणि लेस्टरताई परत येतील. बटणावर चिकटपट्टी लावा आणि वर लिहा: हात लावू नये, सरकारी आहे.